मंडईतला भोंगा

अड्याळची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, म्हटली की भोंगा मधुकररावांच्या हाती. धानगिरणीतले जुने मुनीम, आता निवृत्तीला टेकलेले. वायफळ शब्द तोंडातून निघायचा नाही, म्हणून गावानं हे काम त्यांच्यावर सोपवलेलं. त्यांचा एकच नियम होता: भोंगा हरवलेल्या पोरांसाठी आणि दंडारीच्या, म्हणजे मंडपातल्या नाच-नाट्याच्या, सूचनांसाठी, दुकानदारांच्या जाहिरातीसाठी नाही. बांगडीवाला बाबुलाल दर मंडईला हात जोडायचा आणि तसाच परत जायचा.

त्या दुपारी दंडार ऐन रंगात होती. मधुकररावांची नात खुशी आजीबरोबर बाजारात गेली होती. तेवढ्यात मंडपाचं काम बघणारा ईश्वर धापा टाकत आला.

"काका, तुमची खुशी रडून राहिली जी! तो चपट्या नाकाचा स्वेटरवाला तिले खांद्यावर घेऊन जाऊन राहिला."

डोक्याआधी मधुकररावांचा हात चालला.

"लक्ष द्या! एक चिनी माणूस माझ्या नातीला घेऊन चालला आहे. दिसेल तिथं धरा त्याला!"

ढोल थांबला. नाचणारे गडी हातातल्या टिपऱ्यांसकट निघाले आणि गर्दी बाजाराकडे उसळली. महिनाभर गावात पोरं पळवणाऱ्यांच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या, हे मधुकररावांना आत्ता आठवलं. ही माणसं त्याला नुसतं धरणार नाहीत. "मारू नका!" ते ओरडले, पण पळापळीत कुणाच्या तरी पायानं वायर तुटली होती. भोंगा मुका. आधीचा शब्द मात्र बाजारभर पोचलेला.

ते स्वतःच धावले. एक चप्पल वाटेतच राहिली.

बाबुलालच्या दुकानापुढं माणसांचं कडं पडलं होतं. मधे स्वेटरवाला. एका पोरानं त्याची कॉलर धरलेली. खांद्यावरची खुशी त्याचे केस घट्ट पकडून बसलेली. आणि त्याच्यापुढं मधुकररावांची बायको, पार्वताबाई, पिशवी उगारून उभी.

"हात लावून तं पाहा त्याले! मीच पोरगी देली त्याच्या खांद्यावर. आबापाशी जातो म्हणून रडून राहिली होती, माझे गुडघे चालत नाई. कोन बोंबललं ते भोंग्यावर?"

सगळे मधुकररावांकडे बघू लागले.

"मी," ते म्हणाले.

पोरानं कॉलर सोडली. टिपऱ्या खाली झाल्या.

"आबा, पासांगमामानं मले जिलेबी देली," खुशी वरून म्हणाली.

मधुकरराव बाबुलालच्या पाटावर बसले आणि खुशीला पोटाशी धरलं. पोर धड होती. माणूसही धड होता.

मामा! हा माणूस वर्षानुवर्षं हिवाळ्यात त्यांच्या ओसरीवर चहा प्यायचा. त्यांच्या अंगातला बिनबाह्यांचा स्वेटर त्याच्याकडचाच. तरी त्याचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि ईश्वर येऊन 'खुशी बाबुलालच्या खांद्यावर आहे' म्हणाला असता तर? 'बरं झालं' म्हणून ते पुढची सूचना सांगायला लागले असते. रडणारं पोर तेच, खांदा तेवढा वेगळा. आपल्याला आपला हा हिशेब कधी दिसलाच कसा नाही?

"पासांगभाऊ," त्यांनी हात जोडले, "मी फार चुकीचं बोललो."

पासांगनं कॉलर चाचपली. बटण तुटलं होतं. तो लगेच हसला नाही.

"भीती वाटली भाऊजी. माझं घर गोठणगावले, जन्म तिथलाच. अन् तुमी मले चिनी म्हनता? चिन्याईपासून पळून तं माझा बाप इकडं आला!"

पार्वताबाईंना हसू फुटलं. मग त्यालाही.

वायर जोडल्यावर मधुकरराव पुन्हा उभे राहिले. "मघाची सूचना खोटी होती. गोठणगावचे पासांगभाऊ माझ्या नातीला माझ्याकडेच आणत होते. चूक माझी. त्यांना कुणी त्रास देऊ नये."

"भाऊजी," खालून पासांग ओरडला, "दुकान कोठी आहे तेही सांगा ना! सारं गिऱ्हाईक पळालं!"

मधुकररावांनी घसा खाकरला. "पासांगभाऊंचं स्वेटरचं दुकान पाण्याच्या टाकीजवळ आहे."

"अन् माझं?" बाबुलालची आरोळी आली.

सगळा मंडप हसला, आणि त्या हसण्यातच ढोल पुन्हा सुरू झाला.