हाटकेशच्या नाक्यावरचा फळा

हाटकेशच्या नाक्यावर एक वयस्क गृहस्थ रोज सकाळी फळ्यावर बातम्या लिहायचे. दिल्ली-मुंबईच्या नव्हे, फक्त आपल्या नगरपालिकेच्या शाळांच्या. कुठे पंखा बसला, कुठे दप्तरं हवीत. आणि लोक जुनी दप्तरं खरंच आणून द्यायचे.

मला मात्र त्यांची धास्तीच होती. बसस्टॉपकडे निघालो की हटकायचे, "वाचलंत?" हो म्हटलं की लगेच परीक्षा. "मग सांगा, पंखा कुठल्या शाळेत बसला?" तिथेच माझं पितळ उघडं पडायचं.

एका सकाळी फळाच गायब. गृहस्थही दिसेनात. पानवाल्याला विचारलं तर म्हणाला, "पता नहीं, साहब." त्यांना काही झालं तर नाही ना? तसाच नाक्याजवळच्या पालिकेच्या शाळेकडे गेलो. कुंपणाच्या भिंतीवर ओळखीच्या अक्षरात खडूने लिहिलं होतं, "चौथीच्या वर्गाला फळा नव्हता. नाक्यावरचा तिथे दिलाय. बातम्या आता इथे वाचा."

जिवात जीव येतोय तोच मागून आवाज आला, "वाचलंत?"

"वाचलं."

"मग सांगा, फळा कुठल्या वर्गाला दिला?"

"चौथीच्या!" मी जवळजवळ ओरडलोच.

खडूने माखलेले हात झटकत ते म्हणाले, "पास. उद्या येताना डस्टर आणा."