कळंबचं अनलिमिटेड जेवण आणि माझी उपाशी आई

आधीच सांगते, हे वाचून कुणी वसईला जायचं रद्द करू नका. वसईवर माझा काडीचाही राग नाही. ज्यांच्यावर आहे ते माझ्याच घरात राहतात, आणि एक तो रिसॉर्टवाला.

झालं असं, की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. अंगात रक्त इतकं कमी, की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी चक्क नकार दिला. म्हणाले, आधी यांना नीट खाऊ-पिऊ घाला, मग बघू. आता आमच्या घरात खायला काय कमी आहे? पण आई सगळ्यांच्या मागून बसणार, चार घास खाणार आणि भांडी आवरायला उठणार. बाबांचं एकच पालुपद, तिला पहिल्यापासून कमीच लागतं. मी म्हटलं, हवापालट करू. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला कळंबच्या किनाऱ्यावर एक रिसॉर्ट सापडलं. नाश्ता, जेवण, सगळं अनलिमिटेड. वाटलं, एवढं समोर मांडलेलं बघून तरी बाई खाईल.

ठाण्याहून जाणार असाल तर शनिवारी उजाडायच्या आत निघा. घोडबंदरला गायमुखच्या चढाला अडकलात की संपलंच. आम्ही अडकलो. खाडीवरचा पूल ओलांडून वसई फाट्याला आत वळलो, तर तिथेही वस्तीतून गाडी रांगत होती. पण एकदा पश्चिमेला येऊन निर्मळचा रस्ता धरला की दोन्ही बाजूंना केळी, पानवेली, फुलांच्या वाड्या. आईने काच खाली केली आणि कळंब येईपर्यंत वर घेऊ दिली नाही.

आता जेवणाचं. (सुट्टीच्या दिवशी दर बदलतात, फोन करूनच जा.) खोलीची चावी हातात पडायच्या आत गरम भजी समोर. ताटं म्हणजे नुसत्या पराती! त्यात दोन डाव भात वाढला तर बिचारा कोपऱ्यात बसलेला दिसतो, म्हणून माणूस आणखी दोन डाव घेतो. वाढायचे डाव आमच्याकडे लग्नात आमटी ढवळायला असतात तेवढे. कोंबडीची हाडं ताटात जरा साठली की वेटर ताट उचलून कोरं ताट ठेवणार, म्हणजे आपण किती हाणलं ते आपल्यालाच दिसायला नको. वर कानठळ्या बसवणारी गाणी. माझा नवरा नितीन एरवी गोडाला हात लावत नाही, त्याने जिलबी तीनदा आणली. मी डोळे वटारले तर म्हणतो, "पैसे वसूल नको का करायला?" अरे, पैसे कधीच गेले! आता तू फक्त पोट बिघडवतोयस. किती खायचं ते पोटाने ठरवायचं की परातीने?

आणि आई? आई म्हणाली, तुम्ही घ्या, मी बसते मागाहून. मला वाटलं, समुद्र बघतेय, बघू दे. तीन वाजले तशी वाढणाऱ्या पोरांनी भांडी झाकायला घेतली. बघते तर माझी आई मांडवाच्या खांबाशी कोरं ताट घेऊन उभी.

"अगं, तू जेवली नाहीस?"

"सगळ्यांचं कुठे झालं होतं अजून? माणसं येतच होती."

मला हसावं की रडावं कळेना. घरी ती सगळ्यांची पानं उठल्यावर बसते, तशी ती इथे अख्ख्या रिसॉर्टचं जेवण उरकायची वाट बघत होती! भाताचं भांडं जरा खाली गेलं की नवीन येत होतं, नवी माणसं येत होती, मग तिची पाळी येणार कशी? मॅनेजरने मला वेळेचा बोर्ड दाखवला. मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. शेवटी एक वाटी दहीभात आला. हजार माणसांचं अन्न मांडलेलं आणि माझ्या आईच्या वाट्याला एक वाटी! त्यावर बाबा म्हणतात कसे, बघ, तिला भूकच नसते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. परतीच्या वाटेवर पापडी गावात एका वाडीत जेवण सांगून ठेवलं होतं. घरच्या मालकीण फिलोमिनाबाय, साठीच्या पुढच्या. सुनेशी त्यांच्या घरच्या बोलीत, आमच्याशी आपल्या मराठीत. कोळंबीचं कालवण, भात, तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी. एवढंच, पण काय चव होती म्हणून सांगू! जायचं असेल तर आदल्या दिवशी नक्की सांगा, त्या मोजून रांधतात.

सकाळी चर्चमधल्या मिस्सेपासून पोटात काही नाही असं सांगून बाय आमच्याबरोबरच बसल्या आणि सगळ्यात आधी स्वतःला वाढून घेतलं. आईचे डोळे हे एवढे झाले. यजमानीण पाहुण्यांच्या आधी घास घेते म्हणजे काय! आम्ही जेवलो, बाय जेवल्या, सूनही जेवली. आई आपली एक भाकरी कुरतडत बसलेली.

बायने विचारलं, "तुम्ही कोणासाठी थांबलात?"

"होऊ दे सगळ्यांचं."

"सगळ्यांचं झालं. माझं पण झालं. आता टोपात आहे ते तुमचंच."

आईने वाकून टोपात बघितलं. कालवण बरंच होतं, भातही होता. मग ती जेवली. तीनदा भात घेतला, बोटं चाटली. आम्ही नुसते बघत राहिलो.

नंतर केळींत फिरताना मी तिला विचारलं, घरी का नाही खात अशी? तिने केळीचं एक वाळकं पान बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला किती भूक असते ते मला कळतच नाही गं. टोपात किती उरलंय ते बघायचं, तेवढी भूक."

घरात टोपात काय उरतं ते मला ठाऊक आहे. सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर तळाला चिकटलेलं. वर्षानुवर्षं ते खरवडून बाईने त्यालाच भूक म्हटलं आणि आम्ही म्हणत राहिलो, तिला कमीच लागतं. संताप येणार नाही तर काय! गाडीत मी बाबांना सुनावायला सुरुवात केली ती ठाणे आलं तरी थांबले नाही. ते खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर फर्मान काढलं, पहिलं पान आईचं. सोपं नव्हतं. आधी आधी ती भरलेलं पान समोर घेऊन आमचं होईपर्यंत बसायची, भात गार व्हायचा. मी ओरडायचे, ती चिडायची, म्हणायची, लहान पोर आहे का मी? तरी मी पान हलवलं नाही.

परवा आमटी-भात होता. आईने आपल्या पानातलं संपवलं, डाव उचलला. टोप रिकामा होता. तिने टोपात बघितलं, मग आमच्याकडे.

"मला अजून भात हवा होता," ती म्हणाली. "भूक आहे मला."

बाबा म्हणायला लागले, "तुला तर कमीच..." आणि थांबले. हात धुऊन स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज आले. मग दारात येऊन त्यांनी विचारलं, "तांदूळ कुठल्या डब्यात असतात गं?"

आईने बसल्या जागेवरून डबा सांगितला. उठली नाही.