पूनम बसेल त्या बाजूला

पूनमची लेक यंत्रमागांच्या खडखडाटात झोपते. शांतता झाली की जागी होते.

सोलापूरच्या पूर्व भागात, टॉवेलच्या एका कारखान्याच्या पाठीला लागून त्यांच्या दोन खोल्या आहेत. मधली भिंत एकच. पलीकडे माग, अलीकडे जुन्या चादरीची झोळी. माग सुरू झाले की भिंत थरथरते, फळीवरच्या वाट्या किणकिणतात आणि सिद्धेश्वरीच्या पापण्या जड होतात. आलेला पाहुणा कपाळ धरून बसतो आणि ही दहा महिन्यांची पोरगी हातपाय सैल सोडून झोपी जाते. तिचा बाप सिद्धराम त्याच कारखान्यात माग दुरुस्त करतो. तो म्हणतो, लोकांच्या पोरांना अंगाई लागते, माझ्या पोरीला अख्खा कारखाना लागतो.

संध्याकाळच्या पाळीचे माग लयीत आले की पूनमचा वेळ सुरू होतो. ती झोळीला शेवटचा झोका देते, केस आवळून बांधते, ट्रॅकपँट चढवते आणि मागच्या बोळात जाते. तिथे विजेचे दोन खांब आहेत. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत ती पळते, खांबाला हात घालून गर्रकन वळते, परत पळते. दारात विड्या वळत बसलेल्या बायका आपसांत तेलुगूत काहीतरी बोलतात आणि हसतात. पूनमला तेलुगू येत नाही, पण हसणं कळतं. सुरुवातीला ती त्या हसण्यानं थबकायची. आता ते वाऱ्यासारखं अंगावरून जाऊ देते.

पूनम खो-खो खेळते. मध्ये एक काळ असा गेला, की 'खेळते' म्हणावं की 'खेळायची', हे तिचं तिलाच ठरवता येईना. केम गावच्या, रेल्वे स्टेशनालगतच्या शाळेच्या मैदानावर ती वाढली. गाडी स्टेशनात शिरायची तेव्हा मुली गाडीशी शर्यत लावायच्या आणि पूनम गाडी थांबल्यावरही पळत राहायची. पुढे ती जिल्ह्याच्या संघापर्यंत पोचली, दोनदा पोचली, पण दोन्ही वेळा राखीव म्हणून. राखीव खेळाडूला गणवेश मिळतो, घाम मिळत नाही. राज्य स्पर्धेचं मैदान तिनं पाहिलं ते रेषेबाहेरून, मांडीवर दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. एकदा तरी त्या रेषेच्या आत जायचं, एवढंच तिला हवं होतं. मग लग्न झालं, मग सिद्धी झाली.

बाळंतपणानंतर शरीर परत मिळतं, पण धुऊन आलेल्या चादरीसारखं. चादर तीच असते, घडी मात्र जुन्या रेषेवर बसत नाही. पहिल्या संध्याकाळी बोळात पळताना पूनमला वाटलं, आपण कुणा दुसऱ्याच बाईचे पाय मागून आणलेत. छाती दुधानं जड, कंबर परकी, श्वास घशातच अडकलेला. भिंतीला टेकून धापा टाकत ती उभी राहिली. भिंतीतून मागांची थरथर पाठीत उतरत होती. आणि त्या थरथरीच्या खाली, अगदी खोल, दुसरं काहीतरी थरथरत होतं, जुनं, ओळखीचं. ती परत पळाली.

देवयानी मॅडम, तिला पूर्वी शिकवायच्या त्या, सात रस्ता चौकात एका दुकानाच्या पायरीवर भेटल्या. येत्या रविवारी जिल्ह्याचे सामने आहेत, त्यातूनच राज्याला जाणारा संघ निवडणार आहेत, आपल्या क्लबातली एक मुलगी पाय मुरगळून बसलीय, असं त्यांनी सांगितलं. मग पूनमच्या कडेवरच्या सिद्धीकडे बघत म्हणाल्या, "हिला धरायला कुणी आहे का, तेवढं सांग. बाकीचं मी बघते."

धरायला होती ती चिमाबाई, पूनमची सासू. पूनम तिला आत्या म्हणते. चिमाबाई मंगळवेढ्याकडची. अर्धं आयुष्य मेंढरांमागे रानोमाळ गेलं. लेकाला शहरात काम लागलं तेव्हा मेंढरं विकली आणि ती इथं आली. चालते मात्र अजून रानात चालल्यासारखी, लांब टांगा टाकत. सुनेचं बोळातलं पळणं तिला गमतीचं वाटायचं. "आमी बी जलमभर मेंढरामागं पळलो," ती म्हणायची, "पर आमच्यापायी कुणी शिट्टी वाजवली न्हाय." चिडवायची, पण अडवलं कधी नाही. पूनमनं रविवारचं विचारलं तेव्हा तळहातावरची तंबाखू मळत ती म्हणाली, "जा की. माग चालू हायत तवर पोरगी कुटं उठतीय. मी बसते झोळीपाशी."

सगळं ठरलं ते असं मागांच्या भरवशावर.

रविवारी दुपारी पूनमनं लेकीला पोटभर पाजलं, झोळीत घातलं, आणि भिंत थरथरतेय ना, हे हात लावून पाहिलं. मग ती निघाली. रिक्षात बसल्यावर तिला हसू फुटत होतं आणि का ते कळत नव्हतं. रस्ता, उन्हात तापलेल्या भिंती, टॉवेलचे गठ्ठे घेऊन चाललेला टेम्पो, सगळं तिला नवं दिसत होतं.

सामना बार्शीच्या संघाशी होता. पहिल्या डावात पूनमनं बचाव केला. बोळातल्या दोन खांबांनी जे शिकवलं होतं, ते आता पायांत आपोआप उतरलं. ती वळली की अंगावर येणाऱ्या मुलीचा हात हवेतच राहायचा. मागून आणलेले पाय परत द्यायची वेळ झाली नव्हती. ते तिचेच होते. मध्यंतराला देवयानी मॅडमनी तिच्या पाठीवर नुसती थाप मारली. मंडपाखाली खुर्च्यांवर निवड समितीची माणसं बसली होती. त्यांतल्या एकानं शेजारच्याला तिच्याकडे बोट करून काही विचारलं, तेही तिनं पाहिलं.

तिनं न पाहिलेलं एक होतं. कारखान्याची वीज गेली होती आणि माग मुके झाले होते.

दुसऱ्या डावात शेवटी पूनमच्या संघाची पाठलागाची पाळी आली. आठजणी मैदानाच्या दोन खांबांमधल्या पाटीवर ओळीनं बसल्या, एकीचं तोंड इकडे, तर शेजारणीचं तिकडे. नववी पळणार. पळणारीनं पाठीत खो दिला की बसलेलीनं उठून समोरच्या बाजूला झेपावायचं आणि खो देणारीनं तिच्या जागी बसायचं. खो मिळण्याआधी उठता येत नाही. पूनम मंडपाकडे तोंड करून बसली होती. आणि तिच्या पाठीमागून, लिंबाच्या झाडाच्या बाजूनं, रडणं आलं.

ते कुणाचं रडणं आहे, हे तिला कानांच्या आधी छातीनं सांगितलं. जर्सी दोन जागी ओली झाली.

"खो."

ती उठली, पळाली, खो देऊन बसली. आता तोंड लिंबाकडे होतं. सावलीत चिमाबाई उभी होती, शेजारी मोटारसायकलला टेकून सिद्धराम, आणि चिमाबाईच्या कडेवर लाल तोंडाची सिद्धी. आई समोर दिसताच रडणं तोडल्यासारखं थांबलं. पोरीनं दोन्ही हात पुढे केले. पूनमला पुन्हा खो मिळाला, ती पोरीच्या डोळ्यांसमोरून पळाली, खो दिला आणि बसली. तोंड मंडपाकडे, पाठ लिंबाकडे. मागे पुन्हा किंकाळी.

पाठीत थाप पडली, 'खो' कानावर आला, पण पूनम एक श्वासभर तशीच बसून राहिली. तेवढ्यात बार्शीची मुलगी निसटून पलीकडे गेली. देवयानी मॅडम बाहेरून ओरडल्या. खुर्चीतल्या माणसानं शेजाऱ्याकडे पाहून मान हलवली. पूनम उशिरा उठली, एकदा इकडे, एकदा तिकडे पळून पुन्हा मंडपाकडे तोंड करून बसली. तिला वाटलं, पुन्हा बाटल्या मांडीवर आल्या. उठून जावं, पोरीला उचलावं आणि सगळं इथंच टाकावं. आणि त्याच वेळी, उठू नये म्हणून तिनं पायाची बोटं मातीत रोवली. दोन्ही खरं होतं.

लिंबाखाली सिद्धराम आईला म्हणत होता, की हिला घेऊन बाहेर रस्त्यावर जाऊ या. चिमाबाईचं लक्ष मैदानावर होतं. तिला खेळ कळत नव्हता, पण एक गोष्ट ती जन्मभर करत आली होती.

"कोकरू पाठीमागं वरडाय लागलं की मेंढी चरत न्हाय," ती म्हणाली. "कोकरू तोंडापुढं ठिवावं लागतंय."

आणि ती निघाली. नात कडेवर, नऊवारीचा काष्टा घट्ट, लांब लांब टांगा टाकत, खांबामागून, रेषेबाहेरून, थेट मंडपाच्या बाजूला. पूनमनं नजर उचलली तर समोर सिद्धी. रडणं बंद. पूनमचे खांदे सैल झाले. पुढचा खो तिनं असा घेतला, की बार्शीच्या एका मुलीला कळायच्या आत ती बाद होती.

पण आता पूनम बसली ती लिंबाकडे तोंड करून. चिमाबाई परत फिरली. असं दोनदा झालं आणि मग तिच्या ध्यानात आलं, की सून ह्या अंगाला पळाली की त्या अंगाला बसते. मग ती पूनम बसायची वाटच बघेना. पूनम इकडून पळायला लागली की म्हातारी तिकडे निघायची, आणि पूनम बसेपर्यंत नात समोर हजर. लोकांनी मुलींचा पाठलाग सोडून चिमाबाईकडे बघायला सुरुवात केली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी 'पळा आज्जी' म्हणालं. सिद्धराम लाजून मागे मागे पळत आला आणि पोरीला मी घेतो म्हणाला. "तुला वळाय येत न्हाय," चिमाबाईनं चालता चालताच उडवून लावलं, "तू मॅच बगत हुबा ऱ्हाशील." सिद्धी एव्हाना खदाखदा हसत होती. तिला हा सगळा खेळ आपल्यासाठीच मांडलाय असं वाटत असावं.

बार्शीच्या मार्गदर्शकांनी पंचांकडे तक्रार केली, की ती बाई बाहेरून खुणा करतेय. पंचांनी चिमाबाईकडे पाहिलं, मग सिद्धीकडे पाहिलं. बाळानं कुठे असावं याबद्दल नियम नाही, असं ते म्हणाले, आणि आज्जींनी रेषेला पाय लावू नये, एवढं बजावलं.

गुण बरोबरीत आले. मैदानात बार्शीची एकच मुलगी उरली होती, प्रियदर्शनी. उंच, शांत, पाण्यासारखी पळणारी. ती बाद झाली तर सामना पूनमच्या संघाचा, आणि वेळ संपत आली होती. खो मागून खो जात होते आणि प्रियदर्शनी बोटभर अंतर राखून सुटत होती.

पूनमला खो मिळाला. ती लिंबाच्या अंगाला उठली. म्हणजे बसणार मंडपाकडे तोंड करून, हे चिमाबाईला पाठ झालेलं. ती नातीला घेऊन खांबामागून पलीकडे निघाली. पण पूनम कुणालाच खो देईना. तिनं वेग घेतला. प्रियदर्शनी खांबाजवळ पोचली, खांबाला वळसा घालून पलीकडे शिरू लागली. पूनमला बोळ दिसला. विजेचा खांब दिसला. तिनं डाव्या हातानं खांब धरला, अंग हवेत सोडलं आणि उजवा हात जेवढा जाईल तेवढा पुढे फेकला.

बोटांना कापड लागलं.

मग छाती मातीवर आदळली, तोंडात धूळ गेली आणि शिट्टी झाली. पूनमनं मान वर केली. रेषेच्या अगदी पलीकडे चिमाबाई धापा टाकत थांबली होती, अर्ध्या वाटेत गाठ पडल्यासारखी. सिद्धी वाकून आईच्या मातीनं भरलेल्या तोंडाकडे बघत होती. तिनं टाळी वाजवायचा प्रयत्न केला. एक हात दुसऱ्याला सापडला नाही.

पुढचं सगळं पूनमला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मुली अंगावर पडल्या. प्रियदर्शनीनं हात देऊन उठवलं आणि पोरीचा गालगुच्चा घेतला. मग पूनम लिंबाखाली पाठ करून बसली, ओल्या जर्सीवर ओढणी घेऊन लेकीला पाजत. तिकडे लाऊडस्पीकरवर निवडलेल्या मुलींची नावं येऊ लागली. तिला ही घोषणा माहीत होती. आधी खेळणाऱ्यांची नावं, मग 'राखीव' हा शब्द, आणि त्याच्यामागे दोन्ही वेळा तिचं नाव. म्हणून ती त्या शब्दाची वाट बघत होती. एक नाव, दुसरं नाव, प्रियदर्शनीचं नाव. मग तिचं. 'राखीव' अजून यायचाच होता.

ती हलली नाही. सिद्धी पिता पिता झोपली होती, एकही माग चालू नसताना. सिद्धराम समोर उकिडवा बसला आणि बायकोच्या कोपरावरची माती पुसत राहिला. तिथं खरचटलं होतं, ते दोघांनाही उशिरा दिसलं.

चिमाबाई लिंबाच्या बुंध्याला टेकून पाय दाबत होती. राज्याची स्पर्धा म्हणजे काय, ती कुठे असते, तिथं एसटी जाते का, हे तिनं लेकाकडून नीट विचारून घेतलं. मग सुनेकडे वळली.

"तितलं मैदान ह्याच्यापरीस मोठं असतंय का गं?"

"नाही आत्या. सगळीकडे एवढंच असतं."

चिमाबाईनं मैदानाकडे एकदा नजर टाकली, या खांबापासून त्या खांबापर्यंत.

"मंग हुतंय," ती म्हणाली आणि तंबाखूची डबी शोधू लागली.