काजळीच्या काचेवरचं नाव

माझी सगळी नोकरी टेलिव्हिजनच्या पडद्यावर अक्षरं बसवण्यात गेली. सुरुवातीला काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगानं कार्यक्रमांची नावं काढायची. पुढं वाहिन्या वाढल्या, तशी त्यांची बोधचिन्हं आली. कोपऱ्यात चिन्ह किती मोठं बसवायचं, बातम्यांच्या पट्टीचा रंग कोणता, असल्या गोष्टींवर गार खोलीत बसून तासन्‌तास वाद घालायचे. वाद घालण्यात मी पटाईत होतो. रेघ केसभर सरकली तरी अख्खं काम परत करायला लावायचो. हाताखालची मुलं पाठीमागं मला काय म्हणत तेही ठाऊक आहे. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी नेमकं याच गोष्टीचं कौतुक केलं आणि मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

ही खोड मला सोलापुरात लागली. सत्तरच्या दशकात तिथल्या एका थिएटरात मी स्लाइडी रंगवायचो. तळहाताएवढी चौकोनी काच, तिच्यावर नवी पेठेतल्या साडीवाल्यांच्या, सराफांच्या जाहिराती. खेळ सुरू व्हायच्या आधी आणि मध्यंतरात त्या पडद्यावर दाखवत. ऑपरेटरच्या केबिनला जाणाऱ्या जिन्याखाली माझी खोली होती. खोली कसली, टेबल आणि मी मावलो की दार लागायचं नाही. पण माझं अक्षर पडद्यावर पुरुषभर उंच व्हायचं, आणि ते बघायला मी रोज दाराशी उभा राहायचो. वीस वर्षांच्या माणसाला चढायला तेवढं पुरतं.

जाहिरातींखेरीज आणखी एक काम माझ्याकडं होतं. प्रेक्षकांतल्या कुणाला तातडीनं बाहेर बोलवायचं असलं की घरचं माणूस थिएटरात यायचं. मग मी काच रॉकेलच्या चिमणीवर धरायचो, तिला काळी काजळी बसली की टाचणीनं त्यात नाव कोरायचो, ‘अमक्यांनी ताबडतोब बाहेर यावे’. ऑपरेटर स्लाइडींच्या वेगळ्या दिव्यासमोर ती काच धरायचा आणि चालू सिनेमाच्या खालच्या अंगाला पांढरी अक्षरं उमटायची. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. मी रजेवर असलो की मॅनेजर खिळ्यानं काहीतरी खरडून द्यायचा. ते कोंबडीच्या पायांसारखं दिसायचं, पण ज्याला कळायचं त्याला कळायचं.

त्याच सुमारास मुंबईच्या टेलिव्हिजन केंद्रात अक्षरं काढणाऱ्यांच्या जागा निघाल्या आणि मी अर्ज टाकला. टेलिव्हिजन मी पाहिलेलासुद्धा नव्हता. रेल्वेनं कुर्डुवाडीच्या पुढं मी कधी गेलो नव्हतो. बोलावणं आलं, तिथं बसवून परीक्षा घेणार होते. माझे एक मास्तर मुंबईला जाऊन तो डबा बघून आले होते. ते म्हणाले, “काळ्यावर पांढरं काढायला लावतील. तिथं अक्षर वाकडं गेलं की घराघरात दिसतं.” झालं. तेव्हापासून मला जळी स्थळी ती परीक्षा दिसायला लागली. काजळीची काच तर काळ्यावर पांढरंच. तिच्यावर मी सराव करायला लागलो.

मंगळवार होता. गिरणीची पहिली पाळी सुटली की कामगार सरळ तीनच्या खेळाला येत, त्यामुळं थिएटर भरलेलं. खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. एक बाई अनवाणी धावत आली. पदराचं भान नव्हतं. डोअरकीपरनं तिला माझ्याकडं आणलं.

“माझा भाऊ आत हाय, त्येला भाईर बोलवा की,” ती म्हणाली. “पोरगी सिव्हिलात नेलीया त्येची. घसा सुजलाय, दम घेता येईना. आबा कुटं, आबा कुटं करतीया.”

“किती वर्षांची?” डोअरकीपरनं विचारलं.

“सा वर्षांची. हात जोडते, लवकर करा.”

तिनं भावाचं नाव सांगितलं. मी काच धरली, काजळी बसवली आणि कोरलं. मोठं नाव होतं, दोन जोडाक्षरांचं. काच उजेडात धरून पाहिली. आडनावातलं शेवटचं अक्षर ओळीतून खाली घसरलं होतं. वाचायला काही अडचण नव्हती. देऊन टाकायला हवी होती. मी ती फडक्यानं पुसली.

दुसऱ्यांदा काजळी जाड बसली आणि टाचणीसरशी पापुद्रे निघाले. ती काचही पुसली. बाई दारातच उभी होती. माझ्या हाताकडं बघत होती. हे कामच एवढ्या वेळाचं असतं असं तिला वाटलं असणार. वरून ऑपरेटर ओरडला, “झालं का रे?” मी “झालंच” म्हणालो. तिसऱ्या खेपेला घाईत तापल्या काचेला गार फडकं लागलं आणि ती तडकली. मग नवी काच शोधा, पुसा, परत चिमणीवर धरा. डोअरकीपरला बॅटरी घेऊन आत पाठवावं, त्यानं नावानं हाक मारावी, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. माझ्या डोक्यात शिरोरेघ होती. चौथ्या खेपेला अक्षरं मनासारखी उतरली आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते, पण बरं वाटलं हे खरं आहे.

स्लाइड पडद्यावर गेली तेव्हा पंधरा-वीस मिनिटं उलटून गेली होती. मी सवयीनं दाराशी जाऊन पाहिली. सुरेख दिसत होती. अंधारातून एक माणूस लोकांच्या पायांत अडखळत बाहेर आला, बहिणीचं तोंड बघून काय ते समजला, आणि दोघं सायकलवर बसून गेली.

दुसऱ्या दिवशी डोअरकीपर सांगत आला. त्यांच्या चाळीतल्या कुणाकडून तरी त्याला कळलं होतं. “पोरगी गेली. ह्यो सिव्हिलच्या फाटकात शिरला आन्‌ तिकडं तिनं डोळं मिटलं. धा मिन्टं आदी गेला आसता तर तोंड तरी दिसलं आसतं. शेवटपतूर दाराकडं बघत हुती म्हनं.”

तो काही मला बोल लावत नव्हता. मला किती वेळ लागला हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं. दहा मिनिटं म्हणजे माझ्या दोन काचा.

पुढच्या आठवड्यात मी मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आलो. माझा हात जरासुद्धा कापला नाही. महिन्याभरात नोकरीचं पत्र आलं, आईनं गल्लीत पेढे वाटले. ते मी खाल्लेसुद्धा.

सोलापूर सोडायला चार दिवस उरले असताना तो माणूस माझ्या खोलीच्या दाराशी आला. अंगात गिरणीचेच कपडे, केसांत कापसाचे तंतू. त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर काढली. जत्रेत काढलेला मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, हातात भिरभिरं, उन्हानं डोळे बारीक केलेले. फोटोखाली फ्रेमवाल्यानं काळी पट्टी कोरी सोडली होती.

“हितं तिचं नाव घालून पायजे,” तो म्हणाला. “त्या दिशी पडद्यावर माजं नाव आलं न्हवं का, तसल्या अक्षरात. लई सुबक हुतं. बहीन म्हनली, लई मन लावून काडत हुते.”

त्याला सगळं सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. तो चिडला असता, मारलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. पण तो माझ्याकडं आदरानं बघत होता. मी काही सांगितलं नाही. पुढंही कुणाला सांगितलं नाही. तसबीर हातात घेतली आणि गिऱ्हाइकाला विचारतो तसं विचारलं, “कधीपर्यंत पाहिजे?”

“सावकाश काडा की,” तो म्हणाला. “आता कसली घाई हाय?”