चांदीसाठी केलेली पेज

सकाळी एकटीपुरती पेज शिजत ठेवली, तिच्यात गूळ आणि मेथीदाणे टाकले, आणि त्या वासाने मी थेट मुरुडला, सासरच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले.

आमची चांदी शेळी व्यायला टेकली होती. पोती, फडकी, कोमट पाणी, सगळं मी आधीच मांडून ठेवलं होतं. पहाटे पाहते तर तिचं पोट उतरलेलं, खालचं पोतं चिंब, आणि करडू कुठेच नाही. गाभ खोटाच होता, आत नुसतं पाणी साठलेलं. चांदी मात्र ते ओलं पोतं चाटत हलक्या आवाजात हाका मारत होती.

सासूबाई बाळंतिणीला देतात तसल्या पेजेचं मोठं पातेलं घेऊन आल्या.

"आई, ती व्यालीच न्हाय," मी म्हटलं.

"नसंल व्याली. पन दमली हाय ना?"

त्याच्या आदल्या वर्षी माझा गर्भ पडला होता. तिसऱ्या दिवशी मी कामाला लागले होते. माझ्यासाठी कुणी पेज केली नव्हती. सासूबाईंनी पेज घमेल्यात ओतून चांदीपुढे ठेवली, मग एक वाडगा भरून माझ्याकडे न बघताच पुढे केला. "घे, तूबी खा."

उरली म्हणून दिली, असं मला तेव्हा वाटलं. आज हे एकटीपुरतं छोटं पातेलं ढवळताना कळलं, त्यांनी चांदीला आणि मला, दोघींना पुरतील एवढे तांदूळ घेतले होते.