शेळपट कुणाला म्हणायचं

तासगावच्या आमच्या घरात वडील मला लहानपणापासून शेळपट म्हणायचे. शेळपट म्हणजे शेळीसारखा भित्रा. मी भित्रा होतोच, त्यामुळे तो शब्द मला कधी लागला नाही. लागला तो माझ्या सासऱ्यांना.

सासरे आटपाडीकडचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेळ्यामेंढ्या. लग्नानंतर पहिल्यांदा मी वडिलांना घेऊन त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा दारातलं कुत्रं गुरगुरलं आणि मी गाडीतून उतरेना. वडील सवयीनं ओरडले, "उतर की रं शेळपटा!"

स्वागताला आलेले सासरे जागीच थांबले. "आवं पावणं, जावयाला काय बी म्हणा, पर शेळीला नावं ठेवू नगा. भितंय ते मेंढरू. शेळी कुणाला भीत न्हाई."

"शेळीच ती, काय करतीया?" असं म्हणत वडिलांनी अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या एका काळ्या शेळीपुढं टोपी हलवली. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि मान तिरकी करून अशी अंगावर आली, की वडील पळत येऊन माझ्या शेजारी गाडीत बसले.

"काच वर घे," ते म्हणाले.

सासऱ्यांनी आधी शेळी बांधली, मग कुत्रं बांधलं, आणि आम्ही बापलेक एकदमच खाली उतरलो.

जेवायला मटण होतं. वडिलांनी हळूच विचारलं, "कशाचं हाय?"

"बोकडाचं," सासरे म्हणाले.

वडिलांनी लगेच रस्सा बाजूला सारला आणि अंगणात बांधलेल्या शेळीकडं बघत मटणाच्या नुसत्या फोडी मागून घेतल्या.