चेन्नईच्या बाजारातली भेंडी

मोबाइलला नुकते कॅमेरे आले होते तेव्हाची गोष्ट. दक्षिणेच्या सहलीत आमची बस चेन्नईतल्या एका जुन्या, इंग्रजांच्या काळातल्या छपराच्या बाजारापाशी थांबली. सहलीच्या मॅनेजरने बजावलं, "कमानी बघा, फोटो काढा, पण कुणी काही घेत बसू नका."

आठवडाभर त्याचं ऐकून मी वैतागले होते. मी तडक भाजीच्या गाळ्यावर गेले, एक भेंडी उचलली आणि सवयीने तिचं टोक मोडायला गेले. ते मोडेना, नुसतं वाकलं. भाजीवाली तमिळमध्ये माझ्यावर खेकसली. मॅनेजर धावत आला आणि माझ्या वतीने तिची माफी मागायला लागला.

"माफी कसली मागता? जून आहे ही!" असं म्हणत मी ती भेंडी भाजीवालीच्या नाकासमोर धरली. तिने भेंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गाळ्याखालून दुसरी पाटी ओढली. त्यातली पहिलीच भेंडी कट्कन मोडली. मी अर्धा किलो घेतली.

"अहो, हॉटेलात शिजवणार कुठे?" मॅनेजर ओरडला.

"ते मी बघते. बाजारात येऊन छप्पर बघत फिरायला मी काही गवंडी नाही."

बसमध्ये तो माइकवरून पुढच्या देवळाची माहिती सांगू लागला. मी बाटलीतल्या पाण्याने भेंड्या धुतल्या आणि कच्च्याच खायला लागले. शेजारणीने हात पुढे केला, मग मागच्या सीटवरच्या बायकांनी. त्याने आम्हाला शांतता राखायला सांगितलं.

आम्ही बोलत नव्हतोच. आम्ही भेंडी खात होतो.